काचांच्या दोन चळती

आमच्या घराखाली पिठाची गिरणी होती. औरंगपुऱ्याच्या मागच्या अंगाला एक अरुंद बोळ, त्यात ती गिरणी आणि तिच्या डोक्यावर आमच्या दोन खोल्या. सकाळी पट्टा फिरायला लागला की मांडणीवरची भांडी किणकिणायची, हंड्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठायची आणि जे बोलायचं ते सूर चढवून बोलावं लागायचं. त्यामुळं आमच्या घरातली माणसं भांडकुदळ आहेत असा गल्लीत समज होता. आईच्या बाबतीत तो खराही होता. पीठ तर सगळीकडंच. उशीवर पीठ, देवाच्या तसबिरीवर पीठ, अण्णांच्या वह्यांच्या शिवणीत पीठ. परवा त्यातली एक वही इतक्या वर्षांनी उघडली, तर मधल्या पानांतून थोडी पांढरी भुकटी टेबलावर पडली. ज्वारीची की बाजरीची, ते आता कोण सांगणार? मी ती बोटानं गोळा केली आणि पुढं काय करावं ते न सुचून तशीच बसून राहिले.

अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही मूळचे चितेगावकडचे, शेतीवाडीतले. घरात मराठी, बांधावर मराठी, शिव्या तर अस्सल मराठी. पण अण्णा शिकले त्या काळी इथं निजामाचं राज्य होतं, आणि शाळेपासून हैदराबादच्या पदवीपर्यंत त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालं. त्रिकोणमिती उर्दूत, कलन उर्दूत, प्रकाशाचं शास्त्र उर्दूत. ते रागावायचे मराठीत आणि विचार करायचे उर्दूत. भाजीवाल्याशी हुज्जत घालताना बेरीज तोंडातल्या तोंडात उर्दूत करायचे. निजाम गेला त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते, हे मला आईनं कितीदा तरी सांगितलं आहे. त्या राज्याचं त्यांना काडीचं प्रेम नव्हतं. पण पोलीस ॲक्शननंतर पाट्या बदलल्या, पुस्तकं बदलली, पुढं कॉलेजात इंग्रजी आली, आणि पेढे वाटलेल्या माणसाच्या डोक्यातलं सगळं गणित एका फटक्यात परक्या लिपीतलं होऊन बसलं. इंग्रजीत तास घ्यायला ते उभे राहिले तेव्हा पोरं बाकांखाली तोंड घालून हसली. महिन्याभरात त्यांचे तास काढून घेतले आणि त्यांना प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून बसवलं. पोरांना भिंगं काढून द्यायची, मोजून परत घ्यायची, एवढंच काम.

तरी ते तिथं सुखात होते, कारण प्रयोगशाळेच्या टोकाला एक अंधारखोली होती आणि तिची किल्ली त्यांच्याकडं असायची. एक खिडकी, तिला काळं कापड, आत एक पिवळा दिवा आणि कोन मोजायची पितळी तबकडी. कॉलेज सुटलं की ते तासभर तिथं काढायचे. घरी यायचे तेव्हा डोळे बारीक केलेले आणि तोंडावर हसू. आई विचारायची, "काय सापडलं आज अंधारात?" ते म्हणायचे, "उजेड." आईला या विनोदाचा भयंकर राग यायचा, आणि बहुतेक म्हणूनच तो रोज व्हायचा.

काय सापडलं होतं ते त्यांनी मला सांगितलं तो दिवस रविवारचा. रविवारी गिरणी बंद, त्यामुळं घरात ऐकू येणारी शांतता. आईनं धपाटे केले होते, सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी, आणि अण्णांनी धपाट्याचा तुकडा हातात तसाच धरून बोलायला सुरुवात केली. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. शेपटासारख्या दोन वेण्या आणि आपल्याला सगळं येतं हा भ्रम, एवढी माझी संपत्ती.

"कुसू बेटा, उजेडाचा पुरा पत्ता सांगायचा तर चार आकडे लागतात बघ. पहिला, एकूण उजेड किती. दुसरा, तो उभा-आडवा कितपत हलतो. तिसरा, तिरपा कितपत. चौथा, गिरकी कितपत घेतो. आता पहिल्याचा वर्ग घे आन् त्यातून बाकी तिघांचे वर्ग वजा कर. काय उरलं ते ध्यानात ठेव."

"ठेवलं."

"आता मधी तिरप्या काचांची चळत धर. उजेड त्यातून गेला की चारी आकडे बदलतात. पण ते जे उरलं होतं ना, ते बदलत नाय. काचंनं खाल्लेला उजेड हिशेबात धरला की जिथल्या तिथं." त्यांनी धपाटा ताटात ठेवला. "आता दुसरं शास्त्र. तिथं वेळ हाय आन् तीन दिशा हायत. पळत्या गाडीतल्या माणसाचं घड्याळ फलाटावरल्या माणसाशी जुळत नाय. अंतरं जुळत नायत. पण वेळेच्या वर्गातून तिन्ही दिशांचे वर्ग वजा केले की दोघांचं उत्तर एकच येतं. वेळेच्या जागी उजेड ठेव, तीन दिशांच्या जागी उजेडाच्या तीन सवयी ठेव. खुदा की कसम, एकच गणित हाय बेटा! काच म्हंजे पळती गाडीच!"

आई म्हणाली, "देवाची शपथ घ्या की जरा." पण अण्णा ऐकण्याच्या पलीकडं गेले होते. त्यांचं खरं म्हणणं याच्याही पुढचं होतं. गाडीला आधी एका दिशेनं धक्का दिला आणि मग दुसऱ्या, तिरप्या दिशेनं दिला, तर शेवटी नुसता धक्का उरत नाही. गाडी स्वतःभोवती थोडी वळलेली निघते. हे पुस्तकात लिहिलेलं होतं, पण ते दिसायला कुणाच्या बापाला जमणार नाही असा वेग लागतो. आणि तेच वळण अण्णांना अंधारखोलीत दिसत होतं. काचांच्या दोन चळती, दोन वेगळ्या तिरकेपणानं एकीमागं एक ठेवल्या की उजेडाची हलायची दिशा चिमूटभर उजवीकडं वळायची. चळतींचा क्रम बदलला की तेवढीच डावीकडं. "तेवढा वेग गाठायला कुठं जायचं माणसानं?" ते म्हणाले, "काच तर आपल्या रशीदच्या दुकानात मिळती." मग त्यांनी धपाटा उचलला. तो गार झाला होता, पण त्यांनी तो अशा चवीनं खाल्ला की आई गप्प बसली.

रशीदचाचांचं चष्म्याचं दुकान औरंगपुऱ्यातच होतं. अण्णांचे ते हैदराबादेतले सोबती. दोघं एका खोलीत राहिलेले. गणितात चाचा नापास झाले आणि त्यांनी भिंगं घासायचा धंदा धरला, म्हणून अण्णा त्यांना आयुष्यभर चिडवायचे. चळतीच्या पातळ काचा तेच कापून द्यायचे, कडा घासून, कागदात गुंडाळून. हल्ली डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले की समोर उन्हाच्या चष्म्यांची रांग असते. त्यांतल्या काही काचा एकाच दिशेनं हलणारा उजेड आत सोडतात. तसा चष्मा लावून फोनचा पडदा आडवा धरला की पडदा काळा पडतो, आणि माझा नातू ही जादू मला दर वेळी दाखवतो. अण्णांना एवढं एक साधन मिळालं असतं तर त्यांनी काय केलं असतं, हा विचार मी त्या खुर्चीत बसल्या बसल्या करते. नंबर तपासायचा राहून जातो.

आता अडचणीकडं येते. कॉलेजला नवे प्राचार्य आले होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना जागा हवी होती. अंधारखोली मोडून तिथं रसायनांचं कोठार करायचं ठरलं आणि उर्दूवाल्या जुन्या माणसांना तालुक्याच्या शाळांमध्ये पाठवायचं ठरलं. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या दारात जाऊन शब्द टाकला. प्राचार्य म्हणाले, तुमचं संशोधन आहे म्हणता, तर ते चांगल्या नियतकालिकात छापून आणा. छापून आलं तर खोली तुमची आणि लेक्चररची जागाही तुमची. सहा महिने देतो. अण्णा घरी आले ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. "पोरगी हाय की माझी!" त्यांनी खालूनच ओरडून आईला सांगितलं. "इंग्रजी तिची, गणित माझं!" गिरणी चालू होती, तरी ते आम्हाला ऐकू आलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी ते काम केलं. दुपारी गिरणीवाला जेवायला जायचा तेवढा वेळ घर हलायचं थांबायचं, आणि मी खिडकीशी पाट मांडून बसायचे. अलिफ-बे मला अण्णांनीच शिकवली होती, त्यामुळं त्यांची वही मला वाचता यायची. शब्दांची भाषा बदलायची हे सोपं होतं. एकेक चळत त्या चार आकड्यांचं काय करते ते सांगणारे आकड्यांचे चौकोन मात्र त्यांनी उजवीकडून मांडलेले, ते एकेक करून डावीकडून मांडावे लागत होते. मला त्या उलटापालटीची गोडी लागली. अण्णांची मुख्य ओळ अशी होती: अगदी उजवीकडं नून, म्हणजे नूर, म्हणजे आत येणारा उजेड. त्याच्या डाव्या हाताला अलिफ, ही पहिली चळत. तिच्या डाव्या हाताला बे, ही दुसरी. उजेड उजवीकडून येतो, आधी अलिफमधून जातो, मग बेमधून. उर्दू जशी वाचतात तसाच उजेड चालत होता. मी म्हटलं, इंग्रजी डावीकडून वाचतात, तेव्हा ओळ उलटवली पाहिजे. पण उजेडाचा चार आकड्यांचा उभा खांब उजव्या टोकालाच ठेवायचा असतो, एवढं मला आमच्या पाठ्यपुस्तकानं शिकवलं होतं. म्हणून तो मी उजवीकडं ठेवला आणि नुसत्या चळती उलटवल्या. आता डावीकडं अलिफ आली, मधे बे, उजवीकडं उजेड. डावीकडून वाचलं की पहिली चळत पहिली, दुसरी दुसरी. मला ते फार नेटकं वाटलं. माझं अक्षरही चांगलं होतं.

त्या दुपारी रशीदचाचा काचा घेऊन आले. आईनं त्यांना चहा दिला आणि ते माझ्या खांद्यावरून वाकून बघत उभे राहिले. एका हातात अण्णांची वही, एका हातात माझा कागद. मग म्हणाले, "कुसुम बीबी, ये उल्टा तो नै हुआ?"

"उलटंच करायचं असतं चाचा. ही इंग्रजी आहे."

"हौ, वो तो है. पन तुमारे अण्णा के कागज में पैला शीशा रोशनी के बाजू में है. तुमारे कागज में दूसरा शीशा रोशनी के बाजू में आ गया. मेरे कू गणित नै आता, मैं तो शीशे वाला हूँ. कौन सा शीशा आँख के पास, कौन सा दूर, इतना च समझता."

मी हसले. माझं ते हसू मला अजून ऐकू येतं. "चाचा, तुम्ही गणितात नापास झालात ना?" मी म्हणाले. अण्णा चिडवायचे म्हणून मीही चिडवलं. चाचासुद्धा हसले, "सही बात है बीबी, सही बात है," असं म्हणत त्यांनी वही आणि कागद जपून पाटावर ठेवले आणि बशीतला चहा संपवला.

संध्याकाळी मी अण्णांना विचारलं, एकदा नजर घालता का? ते अंघोळीहून आले होते. त्यांनी माझ्या कागदाकडं पाहिलं, वरच्या ओळीत स्वतःचं नाव इंग्रजीत होतं तेवढं बोटानं वाचलं, आणि म्हणाले, "तू लिहिलंस ना? झालं मग." एकच प्रत होती. ती दुसऱ्या दिवशी रजिस्टर टपालानं गेली. त्या दिवशी आईनं येसराची आमटी केली होती आणि अण्णांनी तीनदा मागून घेतली.

उत्तर यायला चार महिने लागले. कागद परत आला नाही, नुसतं पत्र आलं. ते मीच वाचलं, कारण अण्णांनी पाकीट फोडून सरळ माझ्या हातात दिलं आणि समोर मांडी घालून बसले. आई परातीत पीठ घेऊन दारात उभी. पत्र लहान होतं. त्यात लिहिलं होतं की लेखकानं दिलेल्या क्रमानं गणित केलं तर वळण डावीकडं येतं. लेखक मात्र ते उजवीकडं पाहिल्याचं सांगतो. ही चूक प्राथमिक स्वरूपाची असून लेखकाला एकतर गणित येत नाही किंवा आपल्या उपकरणाची बाजू कळत नाही. मी हे मराठीत सांगितलं. शेवटचं वाक्य जरा मऊ करून सांगितलं, पण अण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते, त्यामुळं त्याचा काही उपयोग झाला नाही.

"डावीकडं?" ते म्हणाले. "नाय बेटा. उजवीकडं हाय ते. मी बघितलंय."

"ते मोठे लोक आहेत अण्णा."

"व्हय," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "व्हय, ते बी खरंच."

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला त्यांची लाज वाटली. चुकले असणार, असं वाटलं. जुन्या काळचं शिक्षण, उर्दूतलं गणित, अंधारात बारीक केलेले डोळे, चुकले असणार. मैत्रिणींना मी सांगून ठेवलं होतं की वडिलांचं संशोधन छापून येणार आहे, आणि आता त्यांना काय सांगायचं, याची मला जास्त काळजी पडली होती. आपल्याच बापाला पोरीनं असं मनातल्या मनात नापास केलं, आणि तो समोर बसून तिच्याकडं आधाराला बघत होता.

अंधारखोलीचं काळं कापड त्यांनी स्वतः काढून, घडी करून घरी आणलं. आईनं त्याची उशीची खोळ शिवली. जूनमध्ये त्यांची बदली सिल्लोडला शाळेत झाली. सातवीच्या पोरांना अंकगणित शिकवायचं, तेही मराठीतून. सकाळची गाडी पकडायला ते भाकरी फडक्यात बांधून निघायचे आणि संध्याकाळी धुळीनं पांढरे होऊन यायचे, म्हणजे गिरणीवाले काका आणि अण्णा एकसारखेच दिसायचे. "काय सापडलं?" हे आईनं विचारायचं बंद केलं. भांडणंही बंद झाली. आमचं घर एवढं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. खालून गिरणीचा आवाज येई आणि वर तीन माणसं खाली मान घालून जेवत.

दोन वर्षांनी मी एम.एस्सी.ला पुण्याला गेले. अण्णांनीच पाठवलं. तिथं पहिल्याच महिन्यात एक सर फळ्यावर असेच आकड्यांचे चौकोन मांडत होते. खडू खाली ठेवून ते म्हणाले, एक लक्षात ठेवा, आपण लिहितो डावीकडून, पण हे वाचायचं उजवीकडून. जी क्रिया आधी घडते ती उजेडाच्या, म्हणजे त्या उभ्या खांबाच्या, लगत लिहायची. नंतरची तिच्या डावीकडं. नवशिके इथंच क्रम उलटा करतात.

वर्गातल्या मुली ते वहीत उतरवून घेत होत्या. माझा हात चालेना. अण्णांची ओळ माझ्या डोळ्यांपुढं आली: उजवीकडं नून, मग अलिफ, मग बे. जगभरातले लोक इंग्रजीत जे उलट्या दिशेनं वाचतात, ते अण्णा उर्दूत सरळ लिहीत होते. ती ओळ मी चित्रासारखी जशीच्या तशी उतरवली असती, एक अक्षर इकडचं तिकडं केलं नसतं, तर ती बरोबर होती. चौकोनांच्या आतले आकडे उलटवायचे होते, ते मी उलटवले. चळती उलटवायच्या नव्हत्या, त्याही मी उलटवल्या. आणि गणितात नापास झालेल्या चष्मेवाल्यानं हे माझ्या तोंडावर सांगितलं होतं.

त्या सुट्टीत मी घरी आले ती सांगायचंच असं ठरवून. आठ दिवस धीर झाला नाही. नवव्या दिवशी रविवार होता, गिरणी बंद होती. अण्णा खिडकीशी बसून वहीत काही लिहीत होते. मी जवळ जाऊन बसले.

"अण्णा, तो कागद आपण पाठवला होता ना, त्यात—"

त्यांनी वही मिटली. "नको बेटा. तू नको त्यात डोकं घालू. तुझं लई चांगलं चाललंय. माझ्या चुकीच्या मागं तू कशाला?"

"तसं नाही अण्णा, मी—"

"कुठं चुकलंय ते मलाच हुडकू दे," ते म्हणाले. "सापडंल. बघ तू, सापडंल." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उठले.

मला मोकळं वाटलं. खरं सांगते, मला हायसं वाटलं. त्यांनीच नको म्हटलं, आता माझा काय दोष, असं मी स्वतःला सांगितलं आणि आत जाऊन आईला मदत करायला लागले. एक वाक्य फक्त बोलायचं होतं. अण्णा, तुमचं बरोबर आहे, चुकले ते मी. मग नवी प्रत, नवं टपाल. अंधारखोली गेली होती, पण माणूस तर होता. ते वाक्य मी पुढच्या सुट्टीवर टाकलं. मग लग्नावर टाकलं. मग बाळंतपणावर. दर वेळी ते मला विचारायचे, "तुझ्या पुस्तकात त्याबद्दल काही आलंय का गं, डावीकडं का येतं ते?" आणि मी म्हणायचे, "नाही अण्णा." पुस्तकात सगळं आलं होतं. काच आणि पळती गाडी यांचं गणित एकच, हे कुण्या दूरदेशच्या लोकांनी छापलंही होतं. ते मी वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं.

सिल्लोडच्या गाडीतून उतरताना एक दिवस ते खाली बसले ते उठले नाहीत. तेव्हा माझं दुसरं मूल तीन महिन्यांचं होतं. रशीदचाचा खांदा द्यायला आले होते. जाताना माझ्याजवळ थांबले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि नुसतंच "सबर करो बीबी" म्हणून निघून गेले. त्यांच्या लक्षात होतं की नव्हतं, मला विचारायचा धीर झाला नाही. आता तेही नाहीत.

पुढं मी तीस-बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. कडक मास्तरीण म्हणून माझा लौकिक होता. चूक कबूल करणाऱ्या मुलीला मी कधी शिक्षा केली नाही. लपवणारीला मात्र वर्गाबाहेर उभी करायचे. ती बिचारी भिंतीशी उभी राहायची आणि मी आत येऊन फळ्याकडं तोंड करायचे.

आईच्या मागं तिची ट्रंक माझ्याकडं आली. सगळ्यात खाली त्या काळ्या कापडाच्या खोळीत अण्णांच्या वह्या होत्या. सात. एवढी वर्षं मी ती खोळ सोडली नव्हती. परवा सोडली. सिल्लोडच्या काळातल्या वह्या त्या. काहींवर शाळेच्या अंकगणिताचे तक्ते आणि मागच्या बाजूनं उर्दूत तेच गणित. पुन्हा पुन्हा तेच. नून, अलिफ, बे. दर वेळी नव्यानं, कधी लांब वाटेनं, कधी आडवाटेनं, कधी पेन्सिलीनं, कधी शाईनं. मी चष्मा लावून एकेक ओळ तपासली, दोन दिवस लागले. कुठंही चूक नाही. एकदाही नाही. दर वेळी वळण उजवीकडंच आलं आहे, जिथं यायला हवं तिथं. आणि दर वेळी खाली, थकत गेलेल्या अक्षरात, त्यांनी एकच शब्द लिहिला आहे: गलत.

माझी लाल पेन्सिल अजून टेबलाच्या खणात आहे. शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानाशी मी ती हातात धरली. आयुष्यभर हजारो वह्यांवर मी बरोबरची खूण केली असेल, मागंपुढं न बघता. या एका पानावर करायला माझा हात उठला नाही. ती करायचा हक्क, अण्णा माझ्या डोक्यावर हात ठेवून उठले त्या रविवारीच मी गमावला.